लाईट गेली तर काय उरतं?

श्रीपूरला माझ्या लहानपणी दोन आवाज ठरलेले होते. एक साखर कारखान्याचा भोंगा, दुसरा लाईट गेल्यावर गल्लीभर उठणारा 'ओऽऽ'. ही २००७ च्या आसपासची गोष्ट. भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला पाठ होतं, पण लाईट ते पाळायची नाही. चुलतभावाकडे असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, त्याच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि गेम एकच: प्रोजेक्ट आयजीआय.

नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने हा गेम २००० साली काढला. त्याचं इंजिन त्यांच्याच लढाऊ विमानांच्या गेममधून आलं होतं, म्हणून मैदानं एवढी अफाट. मात्र मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोय नव्हती. अर्धा तास जपून जपून पुढे जायचं, कॅमेरे चुकवायचे, शेवटच्या इमारतीशी पोचायचं... आणि पंखा बंद. पडदा काळा. दादा शांतपणे म्हणायचा, "चल, जेवून घेऊ." आम्ही ती मोहीम पुन्हा पहिल्यापासून खेळायचो.

आता गावी गेलो की पोरं विचारतात, "दादा, शूटर कुठला भारी?" ग्राफिक्स, बंदुका, नकाशे यांची तुलना त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. मी एकच प्रश्न लावून बघतो: लाईट गेली तर काय उरतं? तो लावला की एफपीएसचा, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून खेळायच्या नेमबाजीचा, इतिहास जरा वेगळा दिसतो.

सुरुवात डूमपासून करू. १९९३ चा डिसेंबर. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला थ्रीडीसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड नसायचं. डूमवाल्यांनी प्रत्येक नकाशाचे तुकडे आधीच पाडून ठेवले. त्यामुळे कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे, हे साध्या प्रोसेसरलाही झटपट ठरवता यायचं. डूममध्ये हवं तिथे सेव्ह करता येतं. लाईट गेली तर शेवटच्या सेव्हपासून पुढे. शिवाय १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला. म्हणून तो आजही जवळपास कुठल्याही यंत्रावर चालतो.

मग काउंटर-स्ट्राइक. १९९९ मध्ये दोन पोरांनी हाफ-लाइफ या गेमवर हौसेने चढवलेला हा मॉड. २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतःच्या नावाने विकायला काढला. त्याची १.६ ही आवृत्ती मी इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर खेळलो. एक स्विच, चार केबल, इंटरनेट नाही. आमच्या प्रती नकली होत्या, हेही कबूल करतो. फेरी दोन-तीन मिनिटांची. मेलात तर बाकीच्यांचा खेळ बघत बसा आणि ओरडा. लाईट गेली तर बुडायचा एक सामना. अंधारात भांडण चालूच राहायचं, कारण समोरचा शत्रू शेजारच्याच खोलीत असायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१८ मध्ये पबजी मोबाईल. पबजी मुख्यतः पात्राच्या पाठीमागून दिसतो, पण त्यात एफपीएसची सोयही आहे. एका सामन्यात १०० जण, फोन खिशात, बॅटरी आतच. आम्हाला वाटलं, भारनियमनाला अखेर हरवलं.

पण बटण फक्त दूर गेलं होतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतासाठीचे सर्व्हर बंद झाले. फोन चार्ज, नेट चालू, आणि खेळ नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुनी खाती हलवायची मुभा मिळाली. २०२२ च्या जुलैत तोही स्टोअरवरून उतरवला गेला, २०२३ मध्ये परत आला. पैसे मोजून घेतलेले कपडे आणि बंदुकांचे रंग खेळाडूचे होते की कंपनीचे, हे त्या काळात कळलं. पुण्याच्या सुपरगेमिंगचा मास्कगन हा फोनवरचा अस्सल एफपीएस. आपल्या मातीतला, पण जीव त्याचाही सर्व्हरमध्येच.

मी सर्व्हर रोज सांभाळतो, नोकरीच ती आहे. खर्च परवडेनासा झाला की सर्व्हर बंद होतो. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो.

तेव्हा माझी शिफारस अशी. दोस्तांबरोबर बीजीएमआय किंवा कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल खुशाल खेळा, मजा खरी आहे. पण त्यात पैसे घालताना ते सिनेमाच्या तिकिटासारखे समजा, वस्तू विकत घेतल्यासारखे नाही. संयम शिकायचा असेल तर आयजीआय. चार कॉम्प्युटर आणि एक खोली मिळाली तर काउंटर-स्ट्राइक. आणि फोनवर फ्रीडूम ठेवा. डूमचं खुलं इंजिन, चित्रं-आवाज नव्याने केलेले, पूर्ण मोफत. एकदा उतरवला की नेट लागत नाही.

गेल्या दिवाळीत श्रीपूरला लाईट गेली तेव्हा पुतण्या तोच खेळत होता. त्याने मान वर केली नाही. दादा मात्र सवयीने म्हणाला, "चल, जेवून घेऊ."