वीज सहकारी संस्थेची निवडणूक : सभासदांनी माहीत ठेवायचे नियम

श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेत ग्राहकच सभासद, म्हणजे मालक होते. ३१ जानेवारी २०११ ला तिचा वितरण परवाना संपला आणि काम महावितरणकडे गेले. राज्यात नोंदलेल्या अशा संस्थांची, आपल्या पतसंस्थांचीही, निवडणूक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे होते. मुख्य नियम असे :

• शेअर एक असो की शंभर, मत एकच. आपल्या बदली दुसऱ्याला पाठवता येत नाही.
• संचालक जास्तीत जास्त २१, मुदत ५ वर्षे.
• राखीव जागा : महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, ओबीसी १, भटक्या-विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्ग मिळून १. या जागांनाही सगळेच सभासद मत देतात.
• थकबाकीदाराला संचालक होता येत नाही.

धर्मावर राखीव जागा नाही; पण आपल्यातले मोमीन, तांबोळी यांसारखे ओबीसी सभासद जातीच्या दाखल्यावर ओबीसी जागेवर उभे राहू शकतात. हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊकच नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मतदार यादी. कच्ची यादी लागली की आपण नाव तपासावे, नसेल तर मुदतीतच लेखी हरकत द्यावी. मतदानाच्या दिवशी भांडून काही होत नाही.