टाक्याचा टँक

सुट्टीत भाची नगरला आली की स्क्रॅबलचा डबा निघतो. परवा तिने टी, ए, एन, के अशा चार टाइल मांडल्या आणि स्वतःच्या नावावर 8 गुण लिहून टाकले. पहिल्या तिघांना एकेक. भाव खातो तो ‘के’. त्याचे 5, आणि 100 टाइलमध्ये तो एकदाच येतो.

“मामा, टँक म्हणजे रणगाडा ना?”

“आधी टाकं. रणगाडा फार नंतर.”

तिला ती थाप वाटली. म्हणून तिला हरिश्चंद्रगडाची आठवण दिली. अकोले तालुक्यातल्या या गडावर गेल्या वर्षी पाचनईच्या वाटेने चढून ती ज्या पाण्याशी बसली होती, ते टाके. कातळात खाली उतरत खोदलेला चौकोनी हौद. आत हात घातला की बोटे बधिर होतात, आणि पाणी हलायचे थांबले की भिंतीवरच्या छिन्नीच्या तिरप्या रेघा दिसू लागतात. काही टाक्यांत छत तोलायला कातळाचेच खांब राखलेले असतात, त्यांना खांबटाके म्हणतात. पाथरवटाच्या छिन्नीलाही आपण टाकीच म्हणतो. टाकीने खोदले ते टाके, असे म्हणायचा मोह मला दरवेळी होतो.

‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशात यूल आणि बर्नेल यांनी ‘टँक’ला दुहेरी कुळाचा शब्द ठरवले आहे. एक कूळ आपल्याकडचे, गुजराती-मराठीतले. दुसरे पोर्तुगीज ‘तांक’चे, ज्याच्या मुळाशी साचलेले पाणी आहे. पश्चिम किनाऱ्यावर दोन्ही शब्द एकमेकांना भेटले, आणि साहेबाला एकच ऐकू आला. मला हा निवाडा पटतो.

मग साहेबाने दिसेल त्या तळ्याला टँक म्हणायला सुरुवात केली. मुंबईतले सी. पी. टँक आणि गोवालिया टँक त्यातलेच. 8 ऑगस्ट 1942 ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला तो गोवालिया टँकच्या मैदानावर. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, आझाद यांना आणून ठेवले ते आमच्या नगरच्या किल्ल्यात.

पाण्याच्या या शब्दाला तोफ फुटली ती पहिल्या महायुद्धात. 1915 मध्ये ब्रिटिश एक पोलादी गाडा गुपचूप बनवत होते. आपसात त्याला ‘जमिनीवरचे जहाज’ म्हणत. पण ते नाव कानावर पडले असते तरी शत्रूला सगळे कळले असते. लिंकन शहरातल्या कारखान्यात ही मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाण्याची गाडी आहे, अशी हूल उठवलेली होती. त्या हुलीला शोभेल असे नाव डिसेंबरात शोधले गेले. हौद, पिंप अशा अर्थाचे शब्द चाचपून झाले आणि ‘टँक’वर शिक्कामोर्तब झाले. चार अक्षरी, तोंडात बसणारे. 15 सप्टेंबर 1916 ला सोमच्या आघाडीवर फ्लेर-कुर्सलेतला ते गाडे चिखलातून पुढे सरकले, तेव्हा गुपित संपले; टोपणनाव मात्र कायमचे चिकटले.

पुढे इंग्रजीने या शब्दाची अगदी चैन केली. मासे टँकमध्ये, विचारवंत थिंक टँकमध्ये. पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, म्हणून तिथला बिनबाह्यांचा पोशाख टँक सूट झाला आणि त्यावरून टँक टॉप. दारू पिऊन तर्र झालेला माणूसही ‘टँक्ड’!

नगरमध्ये आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यांनी 1994 मध्ये इथे टँक म्युझियम उघडले. झाडांखाली व्हॅलेंटाइन, चर्चिल, आपला विजयंता आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन ओळीने उभे आहेत. भाचीने पॅटनच्या साखळीपट्ट्यावर हात ठेवला आणि चटका बसून लगेच मागे घेतला.

म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या जिल्ह्यातच हा शब्द तोफ लावून परत आला. पण आपल्याला ओळख पटली नाही. आपण त्याचे ‘रणगाडा’ असे नवे बारसे केले. शब्द झकास आहे, तक्रार नाही. उन्हाळ्यात पाथर्डी-पारनेरकडे पाणी घेऊन जाणारा तो मात्र टँकर. लिंकनमधली थाप इथे रोज खरी होते.

हे सगळे ऐकून भाची म्हणाली, “मग तुझं टाकं लाव ना बोर्डावर.” मी मधला ‘एन’ उचलला, ‘के’ अलीकडे सरकवला आणि शेवटी ‘ई’ ठेवला. तिने ‘टेक’ वाचले, मी ‘टाके’ वाचले. गुण मोजले, तर 8 च.