दाराचा भार

उज्जैनच्या जुन्या बाजारपेठेत गोपाळ मंदिर उभे आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी एकोणिसाव्या शतकात ते बांधविले. मंदिराची चांदीने मढविलेली दारे यात्रेकरू मोठ्या कुतूहलाने पाहतात. गझनीच्या महमुदाने सोमनाथाहून नेलेली दारे ती हीच आणि महादजी शिंदे यांनी ती परत मिळविली, अशी आख्यायिका या नगरीत सांगितली जाते. सोमनाथाच्या दारांविषयी असा दावा आणखीही एकाने केला होता. १८४२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने गझनीतील महमुदाच्या कबरीची दारे काढून आणविली आणि सोमनाथाच्या दारांचे उसने फेडल्याचा मोठा जाहीरनामा काढला. पुढे तपासाअंती ती दारे चंदनाची नसून देवदाराची असल्याचे आढळले. सोमनाथाऐवजी आग्र्याच्या किल्ल्यात ती पडून राहिली.

दार हे घराच्या, नगराच्या आणि देवळाच्या अब्रूचे चिन्ह. म्हणून त्याच्याभोवती अशा कथा जमतात. ते कोणी नेले आणि कोणी आणले, हे लोक सांगतात. मात्र ते जड दार रोज उघडते कशाच्या बळावर आणि त्याचा भार पेलतो कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मनुष्याच्या जिवाशी संबंध असलेला दाराचा इतिहास खरे पाहता याच प्रश्नात दडलेला आहे.

जुन्या दारांना आजच्यासारख्या बिजागऱ्या क्वचितच असत. फळीच्या कडेला वर आणि खाली एकेक गोल खुंटी ठेवलेली असे. वरची खुंटी चौकटीच्या माथ्यात अडकविलेली असे आणि खालची उंबऱ्याजवळच्या दगडी उखळीत फिरत असे. फळीचा सारा भार या खालच्या खुंटीवरून थेट जमिनीत जाई. खुंटी झिजली की दार करकरू लागे, खाली बसे, फरशीला घासू लागे. घरधन्याला ते ऐकू येई, दिसे. मग सुतार येऊन नवी खुंटी बसवून जाई. बिघाड पावलापावलाने येत असे आणि येण्यापूर्वी सांगून येत असे.

दार फारच मोठे असले तर आपल्या पूर्वजांनी दुसरी युक्ती योजिली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची प्रचंड, खिळे ठोकलेली फळी रोजच्या येण्याजाण्यासाठी हलवावी लागत नसे; तिच्यातच एक लहान दिंडी ठेवलेली आहे. माळव्यातील काय किंवा महाराष्ट्रातील काय, जुन्या पेठांतील दुकानदारांनी तर भाराची सरळ वाटणीच केली. दुकानाचे तोंड सुट्या उभ्या फळ्यांनी बंद होई. सकाळी एकेक फळी खाचेतून काढून भिंतीशी ठेवावयाची आणि रात्री क्रमाने पुन्हा लावावयाची. एकेका फळीचे वजन एका माणसाला उचलण्याजोगे असे. त्यात वेळ जाई, पण धोका नसे.

आज गोपाळ मंदिराभोवतीच्या बाजारात सकाळी जो खडखडाट ऐकू येतो तो लोखंडी शटरांचा आहे. वाढत्या वसाहतींतील घरांच्या तळमजल्यावर, जेथे मोटार ठेवली जाते तेथेही, शटर किंवा वर सरकणारे दार आले आहे. सरकारी बांधकामांत सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या, ऐंशी मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या एकमेकींत गुंतवून असे शटर करतात. तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच शटराचे वजन नुसत्या सपाट पत्र्याच्या हिशेबानेही सुमारे पाऊणशे किलो भरते. प्रत्यक्षात ते त्याहून अधिक असते. तरीही दुकानातील पोरगा ते एका हाताने वर ढकलतो. एवढा भार मग जातो कोठे?

तो वरच्या आडव्या नळीवर बसविलेल्या स्प्रिंगांत जातो. शटर खाली ओढताना या स्प्रिंगांना पीळ बसतो, आणि वर नेताना तोच पीळ सुटत जाऊन पत्र्याचे ओझे उचलतो. दिवसभर शटर वर असता स्प्रिंग त्या मानाने सैल असते. रात्री सारे निजले असता ती ताणलेली असते. स्प्रिंगचा हा स्वभाव इंग्लंडातील रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये नियमात बसविला: जितका ताण, तितकी तिची परतण्याची ओढ. याच ओढीचा उपयोग करून अमेरिकेत सी. जी. जॉन्सन याने १९२१ मध्ये मोटारीच्या खोलीचे वर उचलले जाणारे दार काढले आणि १९२६ मध्ये ते विजेवर चालविले. मोटारींबरोबर ते दार जगभर पसरले.

परंतु लोखंडही थकते. ज्या वर्षी एलेनबरो ती दारे आणवीत होता, त्याच १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि आगीत अनेक प्रवासी प्राणास मुकले. वरून धडधाकट दिसणारा आस मोडतो कसा, याचा शोध पुढे अनेकांनी घेतला. जर्मनीत आउगुस्ट व्होलर याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका वेळी सहज सोसता येणारा भारही हजारो वेळा आलटून पालटून पडला तर पोलादाला अखेर तडा जातो. स्प्रिंगचे मरण हे असे असते. अमेरिकेत मोटारीच्या खोलीच्या दाराची सामान्य स्प्रिंग सुमारे दहा हजार फेऱ्यांच्या हिशेबाने करतात. एकदा उघडून मिटणे ही एक फेरी. दिवसास चार फेऱ्या धरल्या तर ते आयुष्य सात वर्षांच्या आतच सरते. गंज चढला तर त्याहूनही आधी.

खुंटी आणि स्प्रिंग यांतील फरक येथेच ध्यानी येतो. खुंटी डोळ्यांदेखत झिजते. स्प्रिंग पत्र्याच्या आवरणाआड असते आणि बहुधा एका क्षणात तुटते. शटर खाली असताना ती तुटली तर शटर उचलेनासे होते, एवढ्यावर निभावते. वर असताना तुटली तर सारे ओझे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊ शकते. पीळ भरलेली स्प्रिंग अनभिज्ञ हाताने सैल करू पाहणाराचे हाल तर याहून वाईट होतात. कोंडलेले सारे बळ एकदम सुटते आणि हातातील सळई उलटून अंगावर येते.

तथापि स्प्रिंग अगदीच मुकी नाही. शटर अर्ध्यावर सोडून पाहावे. समतोल असेल तर ते जवळपास तेथेच थांबते. ते आपोआप खाली येऊ लागले, पूर्वीपेक्षा जड लागू लागले, एका बाजूला तिरके चढू लागले किंवा वरून नवा आवाज येऊ लागला, तर स्प्रिंग थकली असे समजावे. बाजूच्या खाचांतील धूळ आणि खडे काढणे, पावसाळ्यापूर्वी वंगण देणे आणि गंज पाहणे, ही कामे घरधन्याने करावयाची. पीळ देणे, सोडणे आणि स्प्रिंग बदलणे, ही कामे जाणत्या कारागिराची. एकाच नळीवरील स्प्रिंगा एका वयाच्या असतात. म्हणून एक तुटली की सोबतच्याही बदलणे शहाणपणाचे. स्प्रिंग तुटल्यावर ओझे विजेच्या यंत्राने ओढू नये; ते यंत्र समतोल दार हलविण्यासाठी केलेले असते. शटर वर असतानाच बिघडले तर खालून कोणास जाऊ देऊ नये, आणि मुलांना तर त्याच्या आसपासही फिरकू देऊ नये. विजेच्या दारांखाली मुले सापडून दगावल्यानंतर अमेरिकेने असा नियम केला की, १९९३ पासून बनणारे प्रत्येक यंत्र वाटेत कोणी आले तर दार आपोआप मागे फिरविणारे असले पाहिजे.

देवळाच्या चांदीच्या दारांची निगा पुजारी आणि यात्रेकरू यांच्या डोळ्यांसमोर होते. शटराच्या स्प्रिंगला ना चांदी, ना आख्यायिका. पण रोज सकाळ-संध्याकाळ मनुष्य जिच्या भरवशावर लोखंडाच्या ओझ्याखालून वाकून जातो ती हीच. जुन्या काळी दाराचा भार जमीन वाहत होती; आज तो पोलादाचा एक वेढा वाहतो आहे. भार हलका लागला म्हणून तो नाहीसा झाला असे होत नाही. वर्षातून एकदा आवरण उघडून कारागिराकडून तो वेढा पाहून घ्यावा, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.