मंदी गेल्याची तारीख

एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीत माझी नोकरी गेली. मी ड्राफ्ट्समन, कारखान्यांच्या पाइपलाइनींची ड्रॉइंगं करायचो. शुक्रवारी दुपारी साहेबानं बोलावून पाकीट दिलं आणि सोबत एक रिकामं खोकं, टेबलावरचं सामान भरून न्यायला. खोकं आधीच आणून ठेवलेलं होतं, हे मला जास्त लागलं.

पुढचे महिने बेकारभत्त्याच्या रांगेत. रांगेत गुन्हेगार ठरलेला होता: अध्यक्ष जॉर्ज बुश. माझ्यापुढे बऱ्याचदा एक सुतार असायचा. १९८८ मध्ये आपण याच माणसाला मत दिलं, हे तो दर खेपेला नव्यानं कबूल करायचा. वर्षभरापूर्वी आखाती युद्ध जिंकलं तेव्हा गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के लोक बुशवर खूश होते! जूनमध्ये बेकारी ७.८ टक्क्यांवर गेली. मला मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे मी नुसती मान डोलवायचो. साताऱ्याहून आई फोनवर विचारायची, “अरे, तिकडंपण मंदी येते होय?”

मंदी आली कधी नि गेली कधी, हे अमेरिकेत सरकार ठरवत नाही. नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही १९२० सालची खासगी संस्था, तिची अर्थतज्ज्ञांची समिती ते ठरवते. रोजगार, उत्पन्न, उत्पादन, विक्री, सगळे आकडे तपासायचे, ते दुरुस्त होऊन येईपर्यंत थांबायचं, मग बोलायचं. जुलै १९९० पासून उतरण लागली, हे समितीनं सांगितलं एप्रिल १९९१ मध्ये.

मंदीचं भाकीत आधी करून ते खरं ठरल्याची गोष्टही याच संस्थेतल्या माणसाची आहे. आर्थर बर्न्स. मार्च १९६० मध्ये त्यानं उपाध्यक्ष रिचर्ड निक्सनला गाठलं. निक्सन त्या वर्षी रिपब्लिकन पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभा राहणार होता. बर्न्स म्हणाला, घसरण येतेय आणि तिचा तळ नेमका निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरात लागेल. कर्जं सैल करा, संरक्षणाचा खर्च वाढवा. निक्सननं विषय मंत्रिमंडळापुढं नेला. तिथं अध्यक्ष आयझेनहॉवरच्या इतर सल्लागारांना एवढी घाई पटेना. एप्रिलपासून मंदी लागली, ऑक्टोबरात बेकारी ६ टक्क्यांवर गेली आणि केनेडी सव्वा लाखाहूनही कमी मतांनी पुढं राहिला. निक्सननं ही हकीकत पुढं स्वतःच्या पुस्तकात लिहिली. नुसती लिहून थांबला नाही. अध्यक्ष झाल्यावर १९७० मध्ये त्यानं बर्न्सलाच फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी नेमलं, म्हणजे ज्योतिष्यालाच ग्रहांच्या जागी बसवलं. १९७२ च्या निवडणुकीसाठी बर्न्सनं पैसा मुद्दाम स्वस्त ठेवला, हा आरोप त्याला शेवटपर्यंत चिकटला.

बुशला असा बर्न्स कामाचा नव्हताच, कारण त्याची मंदी मागं पडली होती. मतदानाच्या आठवडाभर आधी तिसऱ्या तिमाहीचा आकडा आला: अर्थव्यवस्थेची वाढ २.७ टक्के. रांगेत कुणाला खरा वाटला नाही. ३ नोव्हेंबरला क्लिंटन ४३ टक्के मतांवर निवडून आला (अपक्ष उमेदवार पेरोनं १९ टक्के पळवली होती). त्याच महिन्यात तो आकडा दुरुस्त होऊन ३.९ झाला.

म्हणून रांग चुकली होती, असं मी म्हणणार नाही. उत्पादन वाढायला लागलं तरी मालक आधी आहेत त्याच माणसांकडून जादा काम उरकून घेतो. नवी भरती फार मागाहून. सुताराला काम नव्हतं, हे काही कुणी दुरुस्त करू शकत नव्हतं.

२२ डिसेंबरला समितीनं जाहीर केलं की मंदी मार्च १९९१ मध्येच संपली. मला तोवर तात्पुरतं काम मिळालं होतं. रात्री जेवणाआधी बातमी बायकोला वाचून दाखवली. तिनं बोटांवर महिने मोजले. “म्हणजे तुमची नोकरी तेजीत गेली म्हणायची!” आणि लसूण सोलायला तोच पेपर पुढ्यात ओढला.