महिना एक रुपया दंड

शाहू महाराजांची जयंती आली की शाळाशाळांतल्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! त्यावर टाळ्याही पडतात. पण मंडळी, शेतमजुराला दिवसाची मजुरी आण्यांत मिळायची त्या काळातला हा रुपया. दंड भरणे त्याला परवडणारे नव्हते हे खरे, पण पोराला शाळेत बसवणे तरी कुठे परवडत होते? आठ-नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे घरचा गुराखी. मुलगी असेल तर ती धाकट्या भावंडाची आईच. ही दोघे शाळेत गेली तर ते काम कोणी करायचे?

मी खेड्यातल्या शाळेत शिकवले, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकात भेटण्याआधी हजेरीपटावर भेटला. भाताची कापणी सुरू झाली, गुऱ्हाळे पेटली की वर्गातले बाक रिकामे दिसू लागत. आठवडी बाजाराच्या दिवशीही तेच. या मुलांचे आईबाप अडाणी होते असे पुष्कळ जण म्हणत. मला ते कधी पटले नाही. ते हिशेबी होते, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता.

महाराजांना हा हिशेब कळत असावा. कारण सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा १९१७ चा, पण त्याच्या सोळा वर्षे आधीच, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. खेड्यातल्या पोराने कोल्हापुरात शिकायचे तर फीचा प्रश्न नंतरचा. राहायचे कुठे आणि खायचे काय, हा पहिला. १९०१ मध्येच जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच लागली. दसरा चौकात उभे राहिले की यांतल्या काही इमारती आजही दिसतात.

जातवार वसतिगृहे काढून जात पक्की केली, अशी टीका होते. मला ती अर्धवट वाटते. १८९६ मध्ये सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते, तिथे बहुजनांच्या पोरांना शिरकावच मिळेना. आधी डोक्यावर छप्पर, मग बाकीचे. पुढे १९१९ मध्ये महाराजांनीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली. मनात काय होते ते यावरून दिसतेच. असो.

सक्तीचे शिक्षण आपल्याकडेच पहिले असे मात्र नाही. बडोद्यात सयाजीरावांनी ते १९०६ मध्ये संस्थानभर लागू केले होते. ब्रिटिश मुलखासाठी गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. आपल्याकडे मार्च १९१८ मध्ये चिखलीला शाळा उघडून अंमल सुरू झाला.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला कुंभोजचा एक विद्यार्थी या हिशेबात आणखी पुढे गेला. भाऊराव पाटील! १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. मुलांनी स्वयंपाक करायचा, शेतात राबायचे, बांधकामावर दगड वाहायचे आणि शिकायचे. गावोगावी मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य गोळा व्हायचे. ते पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. बाप ज्या कष्टांसाठी पोराला घरी ठेवत होता, तेच कष्ट कर्मवीरांनी शाळेचे भांडवल केले. ‘कमवा आणि शिका’ आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यातले ‘कमवा’ कुठून आले हे विसरायला झाले आहे.

तरी एक गोष्ट राहतेच. बोर्डिंग एका मुलाचे पोट भरते, पण घरातला एक हात कमी होतो. ते काम बहुतेक वेळा बहिणीच्या गळ्यात पडते. भाऊ दहावीला आणि बहीण शेळ्यांमागे, अशी घरे मी कितीतरी पाहिली.

आपल्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी यावर वेगळा विचार केला. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे करण्यात ते होते, पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. पूर्ण वेळ शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ वर्ग असावेत, हे त्यांनी लावून धरले. शाळेने मुलाच्या वेळेला यावे! अशाने गरिबाला दुय्यम शिक्षण मिळेल, हा आक्षेप मलाही थोडा पटतो. पण दुय्यम की काहीच नाही, असा प्रश्न असेल तर?

आणि हा प्रश्न संपलेला नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, आणि राहायला फडाजवळ कोपी. पोरांची नावे गावाकडच्या शाळेच्या पटावर, पोरे मात्र इथे. थोरली तान्ह्याला सांभाळते, धाकटा वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो. साखरशाळा झाल्या, मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे झाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. त्यांचा उपयोग होतो. पण कोपीत तान्हे बाळ असेल तर थोरल्या मुलीला आई गावी ठेवून येत नाही. फडाजवळ पाळणाघर असेल तरच ती मुलगी सुटते, म्हणून मला साखरशाळेइतकेच ते महत्त्वाचे वाटते.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात पालकाला दंड नाही. दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे मात्र त्यात आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या आपल्या नातेवाइकांनी एवढे करावे. रानात टोळी उतरली की कोपीतली पोरे मोजावीत आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना आकडा कळवावा. मुलींचा वेगळा सांगावा, आणि त्यांतल्या कितींच्या कडेवर भावंड आहे तेही.