कपाळावरचे डोळे

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या पोरांना ड्रॉइंगचे मास्तर पहिल्याच आठवड्यात बजावतात: डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर. मी तीस वर्षं हेच बजावलं. नवशिक्याचा हात हमखास डोळे वर सरकवतो, कपाळाला जागाच ठेवत नाही. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझानं तर ते थेट कपाळात नेऊन बसवले!

येत नव्हतं म्हणून नव्हे. 1924 साली साळगावात जन्मलेला हा गोंयकार 1940 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. तिथं पूर्वी पोरं प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हात बसवत. 1919 मध्ये प्रमुख झालेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेल समोर बसवण्याचा लाइफ क्लास रुजवला. सूझाचा हात घडला तो या शिस्तीत. 1945 मध्ये स्वातंत्र्य चळवळीपायी त्याला संस्थेतून काढलं. 1947 मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासह त्यानं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. पुढं स्वतःच्याच नग्न चित्रावरून गहजब झाला, आणि 1949 मध्ये तो लंडनला गेला.

त्याची पेनची रेखाटनं मात्र सावकाश बघावीत. कड जाड, काळी, एका दमात ओढलेली. शेडिंग घासून गोलाई आणायची भानगड नाही. आडव्यातिडव्या रेघोट्यांचं जाळं. नाक तासलेलं, दात करवतीचे. ‘मिस्टर सेबॅस्टियन’ (1955) या चित्रात कोट घातलेल्या माणसाच्या अंगात बाण घुसलेत. इगर्जीतला बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन थेट ऑफिसला निघालेला! लहानपणी सूझाला देवी आल्या होत्या. तो वाचावा म्हणून आईनं संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला, फ्रान्सिस हे नाव त्यावरूनच पडलं. त्यानं काढलेल्या चेहऱ्यांवरचे खड्डे मला त्या देवीचेच वाटतात. कुणी या चेहऱ्यांना विकृती म्हणतं. मला तर हाडं मोजून झाल्यावर, त्यांची जागा ठरवून बदलणारा हात दिसतो. मोडण्याआधी माप पाठ असावं लागतं; त्याला ते होतं.

एकदा माझ्या वर्गातल्या एका पोरानं स्मरणचित्रात बाजारातल्या सगळ्या माणसांचे डोळे कपाळावर काढले. विचारलं, तर म्हणाला, “सर, चुकलं.”

मी गुण कापले. “सूझा” म्हणाला असता, तर कापले नसते.