मानेच्या कर्करोग-शस्त्रक्रियेनंतरचा ऊतकदाब

तोंडाचा, घशाचा किंवा स्वरयंत्राचा कर्करोग मानेतील लसीका ग्रंथींत उतरतो, म्हणून मूळ गाठीबरोबर त्या ग्रंथीही काढतात. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये या शस्त्रक्रियेचे पद्धतशीर वर्णन केले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात ग्रंथी हाताला लागत नसतानाही त्या काढल्यास अधिक रुग्ण वाचतात, असे दिसले.

ग्रंथींपर्यंत पोचण्यासाठी मानेची कातडी प्लॅटिस्मा या पातळ स्नायूसकट उचलतात. तिला मग कडेच्या जोडातूनच रक्त मिळते. केशवाहिन्यांतील दाब जेमतेम १५ ते ३५ मिमी पारा असतो. भोवतालच्या ऊतकांतला दाब तेवढा चढला की आधी शिरा दबतात. रक्त येत राहते, परतत नाही. कातडी फुगून जांभळट होते, नंतर कडा काळ्या पडतात आणि टाके उसवतात.

दाब चढण्याचे नेहमीचे कारण आत साचलेले रक्त. ड्रेन (साचलेले रक्त व द्राव बाहेरच्या बाटलीत नेणारी नळी) गुठळीने तुंबला की बाटलीत काही उतरत नाही आणि सारे आटोक्यात असल्याचा भास होतो. अशा वेळी बाटली नव्हे, मान पाहावी. सूज वाढून श्वास अडू लागला तर खाटेवरच टाके उघडावे लागतात. डाव्या बाजूची वक्षनलिका (लसीका वाहून नेणारी मोठी नळी) दुखावल्यास आहार सुरू झाल्यावर ड्रेनमध्ये दुधासारखा द्राव येतो. घट्ट पट्टी किंवा श्वासनळीच्या ट्यूबची आवळलेली फीत बाहेरून तेच नुकसान करते. रक्त थांबावे म्हणून मान करकचून बांधणे घातकच, कारण त्यात कातडी दाबली जाते आणि झाकली गेल्याने बदलही दिसत नाही.

आधी रेडिएशनचा शेक घेतलेल्या मानेत बारीक रक्तवाहिन्या अरुंद व कातडी राठ झालेली असते. ती ताणत नाही, त्यामुळे थोड्या द्रावानेही दाब चढतो. तंबाखू, मधुमेह व कुपोषण यांनी जखम आणखी रेंगाळते. घशाचा टाका सुटून लाळ बाहेर झिरपू लागली, तर खालची कॅरॉटिड धमनी उघडी पडून फुटू शकते. म्हणून छेदांचा तिठा या धमनीवर येऊ देत नाहीत आणि गरज पडल्यास स्टीफन आरियन यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेला छातीच्या स्नायूचा फ्लॅप तिच्यावर पसरतात. अशा जखमेतून ताजे रक्त थोडेसे येऊन आपोआप थांबले, तरी रुग्णाला त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे लागते. मोठा रक्तस्राव पुष्कळदा त्यानंतरच होतो.